दोन फौजांमधली वाट

सेवालाल महाराजांच्या जयंतीला, पंधरा फेब्रुवारीच्या मंगळवारी, दुपारची पंगत बसायच्या आतच तांड्यात दोन बातम्या पोचल्या. कीव्हच्या भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांना कळवलं होतं, की ज्यांचं राहणं अगदी गरजेचं नाही त्यांनी तात्पुरता युक्रेन सोडण्याचा विचार करावा. आणि सीमेवर सरावासाठी आणलेल्या काही तुकड्या आता आपापल्या छावण्यांकडे परत निघाल्या आहेत, असं रशियाने जाहीर केलं होतं. पहिली बातमी संजयने आणली, दुसरी पूनमसिंगने. दोघांनाही आपलीच बातमी खरी वाटत होती, याचं बबिताला नवल नव्हतं. पूनमसिंग तिचा नवरा, संजय तिचा दीर, आणि शेताकडे जाणाऱ्या पांदणीच्या वाटेवरून झालेल्या भांडणाला वर्ष होऊन गेलं तरी दोघे एकमेकांशी सरळ बोलत नव्हते. आज दोघेही बापाच्या बाजेच्या दोन टोकांना बसले होते आणि मधल्या म्हाताऱ्याच्या कानात बोलत होते.

"बापू, त्याले सांगा," संजय म्हणाला, "दूतावास काही लग्नपत्रिका नाई पाठवत. 'विचार करा' म्हनते, म्हनजे निघा म्हनते."

"बापू, त्याला सांगा," पूनमसिंग म्हणाला, "फौज परत चालली आहे. आत्ताच बातम्यांत दाखवलं. रणगाडे रेल्वेवर चढवून राह्यले."

भावसिंग नाईक डोळे मिटून ऐकत होते. तांड्याला नाव त्यांचंच होतं. सकाळचा भोग त्यांच्याच हातून झाला होता. देवळापुढच्या पांढऱ्या झेंड्याखाली तूप आणि लापशी घातलेला विस्तव अजून धुमसत होता, आणि तुपाचा वास लिंबाच्या झाडाखाली भरून राहिला होता. तांड्यातली माणसं जेवायला शाळेकडे गेली होती. उरली होती ती घरची माणसं.

प्रश्न एकच होता. अंजूला बोलवायचं की नाही.

बबिताची अंजू खारकीव्हला डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिच्याच खोलीत दारव्ह्याच्या शब्बीर मेकॅनिकची गझाला राहत होती. दोघी बारावीपासूनच्या मैत्रिणी, एकाच विमानाने गेलेल्या. संजयचे ट्रक शब्बीरच्याच हाताखालून जात, म्हणून दर जयंतीला तो प्रसादाला येई. आज सकाळीही आला होता. भोग झाल्यावर त्याने नाईकांना बाजूला घेतलं नाही, सगळ्यांच्या देखतच विचारलं होतं, "नाईक, पोरीले बलावू का राहू देऊ? माह्यी अक्कल चालून नाई राह्यली."

आणि नाईकांनी सगळ्यांच्या देखतच सांगितलं होतं, "राहू दे. परीक्षा देऊ दे तिले. लढाईत तिसऱ्याले कोनी हात लावत नाई. भावसिंगचा शब्द हाये." शब्बीरचा चेहरा असा मोकळा झाला होता की त्याने तिथूनच गझालाला फोन लावून 'थांब' म्हणून सांगितलं. मग लापशीचा डबा घेऊन तो गेला.

"आधी पोरीले तं इचारा," सासू जमनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "लढाईच्या गावात ती हाये, आन् भांडून तुमी राह्यले."

बबिताने फोन लावला आणि पितळी तांब्याला टेकवून बाजेवर ठेवला. अंजू केस पुसत समोर आली. मागे खिडकीत बर्फ दिसत होतं, आणि गझाला पाठमोरी बसून पाठांतर करत होती.

"आई, इथं काहीच नाई. दुकानं चालू, मेट्रो चालू. आमच्या मॅडम म्हनते, आठ वर्षांपासून हेच ऐकून राह्यलो आम्ही. तुमच्या टीव्हीवरच लढाई चालू हाये."

"कॉलेज काय म्हनते?" संजयने विचारलं.

"ऑनलाइन नाई देत, काका. गेलं तं गैरहजर. आन् डॉक्टरकीच्या परवान्याची पहिली परीक्षा पुढच्या महिन्यात." ती थोडं थांबली. "बाबा म्हनतील तसं करते मी."

पूनमसिंग मान हलवून म्हणाला, "तू अभ्यास कर."

फोन बंद झाला. मुलीने निर्णय बापावर टाकला होता आणि बापाने तो घेतला होता. तांड्यात हे पुरेसं होतं. बबिताच्या मनात मात्र पोरीचं ते थांबणं अडकून बसलं. अंजू बोलताना कधी थांबत नसे.

"अंजूचे बाबा," ती म्हणाली, "हे भांडन नेमकं हाये कशाचं?"

पूनमसिंग जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होता. समजावून सांगायला मिळालं की त्याचा आवाज खाली येई. "युक्रेन रशियाच्या उंबरठ्यावर आहे. रशिया म्हणते, त्याला अमेरिकेच्या गटात घेऊ नका, तसं लिहून द्या. अमेरिका आणि तिचे दोस्त म्हणतात, दार कोणासाठी बंद करणार नाही. युक्रेन म्हणते, आमचं आम्ही ठरवू. आठ वर्षांपूर्वी क्रीमिया गेला, तेव्हापासून पूर्वेला गोळीबार चालूच आहे. आता रशियाने सीमेवर लाखाच्या वर फौज आणली, पण ती दबावासाठी. मोठी लढाई कोणालाच परवडत नाही. शहाणी माणसं बसली आहेत दोन्हीकडे."

"मंग ते लिहून देत नाई, आन् हे फौज हटवत नाई."

"आता हटवून राह्यले ना. तेच तर सांगतो."

"थोडी हटवली म्हने," संजय बापूंना म्हणाला. "माह्या यार्डातून दोन ट्रक बाहेर काढले म्हनून काय यार्ड खाली झालं?"

नाईकांनी डोळे उघडले. वयाची ऐंशी उलटली होती, पण पागोट्याचा पीळ सैल नव्हता आणि आवाजही नव्हता.

"आयका," ते म्हणाले, आणि आतून जमनीने हातातलं उलथनं खाली ठेवल्याचा आवाज आला. "माह्या पंजोबाचा बाप लदेनी करे. हजार बैल, धान्यानं भरेल. इकून निजामाची फौज, तिकून पेशव्याची. मधून आपला तांडा. रातच्याले इकडचे घोडेस्वार येत, दिवसाले तिकडचे. एका बैलाले हात लावला नाई कोनं. दोन फौजांच्या मधात वाट होती, आन् ते आपली होती. राजे लढत, आपन चालत. ते पोरगी तिथं शिकाले गेली. ना इकडची, ना तिकडची. तिले कोन हात लावते?"

"लग्नाच्या वक्ताले बी हेच सांगतलं यानं मले," जमनी म्हणाली. "मी इचारलं होतं, सासू कशी हाये."

संजय हसला. पूनमसिंगही हसला, आणि दोघे एकदमच हसले हे लक्षात येऊन दोघांनीही तोंड फिरवलं.

बबिता हसली नाही. ही गोष्ट ती लग्न होऊन आल्यापासून दर जयंतीला ऐकत होती. तांड्याचा सगळा ताठा त्या गोष्टीवर उभा होता, तिचा स्वतःचाही. दारव्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात नर्स म्हणून लागली तेव्हा कोणी 'तांड्यावरची' म्हणून हिणवलं, तर ती हीच गोष्ट मनात आणायची. पण आज तिला त्या गोष्टीत एक जागा मोकळी दिसली.

"मामाजी," तिने विचारलं, "त्या बैलांले वाट काहून दिली?"

"काहून म्हनजे? धान्य होतं पाठीवर. बैलाले मारलं, की आपलीच फौज उपाशी. दोघांले बी गरज होती."

"मंग आपल्या अंजूच्या पाठीवर काय हाये?"

नाईक बाजेवर सावरून बसले.

"दप्तर हाये," बबिता म्हणाली. "ते दोघांपैकी कोनाले पाहिजे?"

सासऱ्यापुढे असं बोलायची घरात पद्धत नव्हती. पूनमसिंगने नुसती मान वळवली, पण त्या वळवण्यात सगळं होतं. नाईकांनी हात वर करून त्याला थांबवलं. वाद करणाऱ्याला ते कधी उठवून देत नसत. नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, बसला की शेवटच्या माणसाचंही ऐकायचं, हा त्यांचा नियम होता. पण हार मानणंही त्यांच्या अंगात नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "हे खरं बोलली तू. पन लढाई झाली तं ना? आता माह्यं आयक. फौज जमा झाली म्हनजे लढाई होत नाई. तंबू देखाव्याले लावता येते, घोडे देखाव्याले फिरवता येते. जुने नाईक फौज पाहतच नव्हते. दाना पाहत. दाना देखाव्याले पुढं नेत नाई कोनी. पावसात सडते, उंदीर खाते. ज्यानं दाना पुढं नेला, तो लढनार. ज्याचा दाना मागं, तो बोलनार. सांग मास्तर, त्यांचा दाना पुढं गेला का?"

पूनमसिंगने खांदे उडवले. "आताच्या फौजेचं धान्य कोण मोजतं, बापू? ते गाड्यांतून जातं, डब्यांतून जातं. बातमीत येत नाही."

बबिताला तेव्हा ती बातमी आठवली. जानेवारीच्या शेवटी, दुपारच्या पाळीत, चहा पिता पिता तिने वाचली होती आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवलं होतं. धान्याशी त्या बातमीचा संबंध तिला आत्तापर्यंत लागला नव्हता.

"दाना नाई, मामाजी," ती म्हणाली. "रक्त."

"काय?"

"रशियानं सीमेजवळ रक्ताच्या पिशव्या नेल्या, जखमींसाठी. अमेरिकेचे अधिकारी तसं म्हनत होते. मागच्या महिन्यातच आलतं पेपरात."

"अमेरिकेची बातमी," पूनमसिंग म्हणाला. "युक्रेनवाल्यांनीच ती खोटी म्हटली होती."

"म्हटली होती. मी बी वाचलं ते." बबिता त्याच्याकडे वळली. "पन आमच्याकडं रक्ताची पिशवी येते ना, तिच्यावर तारीख असते. महिना, फार तं दीड महिना. मंग फेकावी लागते. सरावाले मलमपट्टी लागते, रक्त नाई लागत. मामाजी म्हनते ना, सडनारी वस्तू देखाव्याले कोनी नेत नाई. बातमी खोटी असली तं परीक्षा बुडन. खरी असली तं?"

लिंबाचं एक पान नाईकांच्या पागोट्यावर पडलं. त्यांनी ते काढलं, बोटांत फिरवलं आणि विस्तवाकडे पाहिलं.

"पोरीले बलवा," ते म्हणाले.

संजयने लगेच फोन काढला. इतक्या लगेच, की पूनमसिंग उभाच राहिला.

"नाही," तो म्हणाला. आता आवाज मुख्याध्यापकाचा नव्हता. "बापू, मी इतका मूर्ख नाही. युद्धाची भीती मलेही वाटते. पण याला अंजू युद्धासाठी नाही पाहिजे. दिग्रसचं स्थळ घेऊन कोण फिरून राह्यलं दिवाळीपासून? त्यांचे ट्रक अन् याचे ट्रक एका कंपनीला लागतात वणीत. पोरगी एकदा इथं आली, परीक्षा बुडाली, की सगळे म्हणतील, आता कायले पाठवता? तांड्यातल्या देवरावच्या पोरीचं असंच झालं. नाशिकच्या कॉलेजातून दिवाळीला आली, ते आज तिच्या कडेवर लेकरू आहे."

आता बबिताला कळलं, नवरा आठवडाभर नकाशे का पाहत होता आणि तुकड्या का मोजत होता. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दिग्रसचं स्थळ खरं होतं. आणि संजयने मान खाली घातली, म्हणजे ट्रकचंही खरं होतं.

"स्थळ आनलं मी," संजय म्हणाला. "चांगलं हाये म्हनून आनलं. पन त्याच्यासाठी पोरीले..."

"म्हणजे तू म्हणतो ते खरं असलं तरी मी ऐकू शकत नाही," पूनमसिंग म्हणाला. वर्षभरात तो पहिल्यांदाच भावाशी बोलत होता, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. "कारण तू बोलून राह्यला."

"बसा दोघं बी," बबिता म्हणाली.

दोघे बसले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"पांदणीवर तू जेसीबी आनला होता, भाऊजी. वणीवरून तीन गाड्या माणसं आनली. रस्ता खोदायचा नव्हता तुले. नुसतं दाखवायचं होतं. आन् तुमी," ती नवऱ्याला म्हणाली, "तांड्याची पोरं घेऊन शेताच्या धुऱ्यावर उभे राह्यले. तुमाले बी मारायचं नव्हतं. दुपारपर्यंत दोघं बी एकमेकांकडं पाहत राह्यले. जेसीबी वापस न्यायले याले तोंड नव्हतं, पोरं घरी पाठवायले तुमाले तोंड नव्हतं. मंग कोनंतरी इंजिन सुरू केलं, कोनंतरी दगड मारला. तुमच्या भुवईले टाके मी घातले, याच्या हाताले बी मीच घातले. दोघं बी म्हनत होते, मले भांडायचंच नव्हतं." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "शहाणी माणसं दोन्हीकडं होती तवा बी."

पूनमसिंगचा हात आपोआप भुवईकडे गेला होता. तिथे केस अजून उगवले नव्हते.

संजय उठला. देवळापुढे गेला, खाली बसला आणि भोगाच्या राखेला हात लावला. राख अजून गरम होती, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, पण त्याने हात काढला नाही.

"अंजू डॉक्टर होयेपर्यंत या घरात तिच्या लग्नाचा इषय मी काढनार नाई," तो म्हणाला. "दुसऱ्यानं काढला तं त्याले मी उठवीन. दिग्रसवाल्याले उद्या मीच सांगतो. " मग तो आईकडे वळला. "याडी, तू साक्षी."

"हात काढ आता," जमनी म्हणाली. "पोळला तं पुन्हा हिलेच पट्टी बांधा लागन."

पूनमसिंगने भावाच्या राखेने माखलेल्या हाताकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "तिकीट कोणत्या तारखेचं मिळेल?"

"वीस. शारजावरून मुंबई. यवतमाळचा एजंट धरून बसला हाये, संध्याकाळपर्यंत. दोन जागा हायेत."

"दोन कशाला?"

"गझाला नाई का? खारकीव्हवरून रातभर रेल्वे, मंग कीव्हचं विमानतळ. एकटी पोरगी कशी येईन? दोघी सोबत निघाल्या तं बरं. काल शब्बीरभाई तयार होते." संजयने ओठ चावला. "सकाळी नाई म्हटलं त्यायनं. म्हने, नाईकानं शब्द दिला."

सगळ्यांनी नाईकांकडे पाहिलं, आणि लगेच नजरा काढून घेतल्या. भावसिंग नाईकांनी दिलेला शब्द मागे घेतल्याचं तांड्यात कोणी ऐकलं नव्हतं. शेताच्या वादात एकदा त्यांचा निवाडा चुकला होता. तेव्हा त्यांनी निवाडा बदलला नाही. हरलेल्या माणसाला आपल्या वावराचा तुकडा देऊन टाकला. चुकीची भरपाई करता येते, शब्द फिरवता येत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

"मी फोन करतो शब्बीरभाईले," संजय म्हणाला. "सांगतो, नवीन बातमी आली. तुमचं नाव नाई घेत."

"ठेव तो फोन," नाईक म्हणाले. त्यांनी बाजेखालची चप्पल पायाने ओढली. "शब्द चारचौघांत दिला. वापस बी चारचौघांत घेईन. गाडी काढ."

गाडी संजयची होती. बबिता आणि नाईक मागे बसले. पूनमसिंग क्षणभर दाराशी घुटमळला आणि मग पुढे, भावाशेजारी बसला. पांदणीच्या वळणावर संजयने वेग कमी केला. कोणी बाहेर पाहिलं नाही. सडकेच्या दोन्ही बाजूंनी हरभरा सोंगणीला आला होता, आणि नाईक सरळ समोर पाहत होते, मिरवणुकीला निघाल्यासारखे.

दारव्ह्याला शब्बीरच्या गॅरेजपुढे एक ट्रक जॅकवर चढवलेला होता. ड्रायव्हर, क्लीनर, शेजारचा पंक्चरवाला आणि टायरवर बसून चहा पिणारे दोघे-तिघे असा नेहमीचा घोळका होता. सकाळच्या लापशीचा डबा फळीवर रिकामा होऊन पडला होता. नाईक उतरले तसे सगळे उठले. शब्बीर ट्रकखालून घसरत बाहेर आला.

"नाईक? तुमी इथं? बलावलं असतं तं आलो नसतो का मी?"

"तुह्यं काम नव्हतं, माह्यं होतं." नाईक सगळ्यांच्या मधोमध उभे राहिले आणि आवाज मुद्दाम खाली न आणता म्हणाले, "शब्बीर, सकाळी मी तुले सांगतलं, पोरीले राहू दे. ते चुकलं. तो शब्द मी वापस घेतो. गझालाले बलाव. अंजू बी येऊन राह्यली."

चहा पिणाऱ्यांचे हात तसेच राहिले. शब्बीरने नाईकांकडे, मग एकाच गाडीतून उतरलेल्या दोन भावांकडे पाहिलं. कशाने तो अधिक चकित झाला, सांगता आलं नसतं.

"पन मी तिले थांब म्हनून सांगून बसलो," तो म्हणाला. "तुमच्याच भरोशावर. आन् नाईक, ते बैल? दोन फौजांच्या मधातून गेले ते?"

"गेले ना. खरं हाये ते." नाईकांनी मान हलवली. "जे निघाले, ते घरी येऊन सांगत राह्यले. आपन त्यांचीच गोष्ट आयकली. जे नाई निघाले, त्यांची कोन सांगन?"

शब्बीरचा चेहरा बदलला. त्याने खिशाकडे हात नेला, पण हात कोपरापर्यंत ऑइलने काळे होते. फडकं सापडेना. बबिताने पुढे होऊन आपल्याच फोनवरून गझालाला लावला आणि तो त्याच्या कानाशी धरला. पलीकडे पहिल्याच रिंगला आवाज आला. मागे अंजूचाही येत होता. दोघी वाटच पाहत असाव्यात.

"बेटा," शब्बीर म्हणाला, "किताबं राहू दे. सामान बांध."

पूनमसिंगने एजंटचा नंबर मागितला आणि संजयने तो तोंडपाठ सांगितला. नाईक टायरवर बसले, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि पंक्चरवाल्याला म्हणाले, "मले बी चहा सांग."